दोन गाड्यांच्या मधली वेळ

अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेजची गाडी ज्यांनी कधी केली असेल, त्यांना धुळघाटचं वळण समजावून सांगावं लागत नाही. अकोट, अडगाव, हिवरखेड मागे पडलं की कपाशीची शेतं संपायची, वान रोड सोडल्यावर गाडी सातपुड्यात शिरायची आणि इंजिन दमेकऱ्यासारखं चढू लागायचं. मग एका जागी गाडी स्वतःभोवतीच गिरकी घ्यायची. खिडकीतून खाली पाहावं तर थोड्या वेळापूर्वी ज्या रुळांवरून आलो तेच रूळ खाली दिसायचे. डब्यातलं एखादं पोर हमखास विचारायचं, "आपण परत चाललो का?" गाडी इतकी सावकाश असायची की कुणाला रानगवा दिसला, तर तो साऱ्या डब्याला दाखवून होईपर्यंत गवा तिथेच उभा असायचा.

२०१७ उजाडताना ती गाडी बंद झाली. ब्रॉडगेज करायचं म्हणून बंद झाली. रतलाम-महू-खंडवा-अकोला असा सुमारे ४७२ किलोमीटरचा तो गेज परिवर्तनाचा प्रकल्प, आणि त्यातले सुमारे ३९ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणारे. या ३९ किलोमीटरांवरून पुढे काही वर्षं जो वाद चालला, त्यात एक वाक्य पुन्हापुन्हा ऐकू यायचं: रूळ तर आधीपासून आहेतच, आता फक्त गेज बदलायचंय.

या 'फक्त'शी माझं भांडण आहे.

मीटरगेजच्या दोन रुळांत एक हजार मिलिमीटर अंतर असतं, ब्रॉडगेजच्या रुळांत १,६७६. म्हणजे कागदावर सगळा वाद सव्वादोन फुटांचा. भराव थोडा रुंद होईल, काही पूल नव्याने बांधावे लागतील, काही हजार झाडं जातील, आणि त्या बदल्यात दुसरीकडे कुठेतरी रोपं लावली जातील. हेक्टरात मोजलं तर किरकोळच प्रकरण. पण रूळ ओलांडणाऱ्या अस्वलाला गेज कळत नाही. त्याला कळते ती एकच गोष्ट: एक गाडी गेल्यावर दुसरी यायला किती वेळ लागतो.

हिशेब साधा आहे. समजा, एखाद्या मार्गावर दिवसरात्रीत दहा गाड्या धावतात. म्हणजे दोन गाड्यांच्या मध्ये सरासरी जवळपास अडीच तास मोकळे. गाड्या साठ झाल्या की चोवीस मिनिटं. शंभर झाल्या की चौदा-पंधरा. आणि गाड्या काही अशा सारख्या अंतराने येत नाहीत. दिवसा प्रवासी गाड्यांना वाट द्यायला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभ्या केलेल्या मालगाड्या रात्री एकामागून एक सुटतात, आणि रात्र हीच जनावरांची हिंडायची वेळ. त्यात वेगाची भर. मीटरगेजची घाटातली गाडी आणि ताशी शंभराने येणारी ब्रॉडगेजची गाडी यांत ड्रायव्हरला, हल्लीच्या भाषेत लोको पायलटला, दिसण्यापासून धडकण्यापर्यंत मिळणारा अवधी कितीतरी पटींनी घटतो. भरलेली मालगाडी आणीबाणीचा ब्रेक मारूनही कित्येकशे मीटर घरंगळत जाते. डिझेलचं इंजिन निदान लांबून ऐकू यायचं. विजेवरचं इंजिन त्या मानाने मुकाट येतं.

दुहेरीकरणात, म्हणजे एका रुळाशेजारी दुसरा टाकण्यात, आणखी एक सापळा आहे, आणि तो माणसांनाही ठाऊक आहे. मुंबईत लोकलचे रूळ ओलांडताना किती माणसं अशी गेली की समोरची गाडी जाईपर्यंत थांबली, ती गेली म्हणून पुढे झाली, आणि तिच्याच आवाजात उलट्या दिशेने येणारी दुसरी गाडी ऐकूच आली नाही. फाटक, फलक, उद्घोषणा असूनही माणसाला जे जमत नाही ते सांबराला किंवा तीन पिल्लं घेऊन निघालेल्या वाघिणीला जमेल, असं आपण धरून चालतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रेल्वेमार्गाच्या सुधारणेचा वन्यजीवांवर काय परिणाम होईल हे तपासायचं असेल, तर जमिनीच्या मोजणीपासून सुरुवात करून चालणार नाही. वेळापत्रकापासून करावी लागेल. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

गेज बदलल्याने काय होतं याचं ढळढळीत उदाहरण उत्तर बंगालात आहे. सिलिगुडी ते अलिपूरद्वार हा मार्ग महानंदा, चापरामारी, जलदापारा, बक्सा अशा हत्तींच्या जंगलांतून जातो. तो मीटरगेज होता तेव्हा, १९७४ ते २००२ या अठ्ठावीस वर्षांत, तिथे गाडीखाली २७ हत्ती मेले. म्हणजे वर्षाला एकही धड नाही. २००४ च्या सुमारास ब्रॉडगेज झालं आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत हा आकडा साठाच्या पुढे गेला. जंगल तेच, हत्तींच्या वाटा त्याच, रूळही त्याच जागी. १३ नोव्हेंबर २०१३ च्या संध्याकाळी चापरामारीजवळ जलढाका नदीच्या पुलापाशी एक मोठा कळप रूळ ओलांडत असताना कविगुरू एक्सप्रेस त्यात घुसली आणि सात हत्ती गेले. त्याआधी २०१० च्या सप्टेंबरात याच मार्गावर एका मालगाडीने सात हत्ती मारले होते. 'फक्त गेज बदलणं' म्हणजे काय, हे तिथे हत्तींच्या हाडांनी लिहिलेलं आहे. मेळघाटाची फाइल चालवणाऱ्यांनी ते वाचायला हरकत नव्हती.

मेळघाटाचं प्रकरण मला आणखी एका कारणाने बोचत राहिलं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी हे एक. या जंगलात जनावरांना शांतता हवी म्हणून गेल्या पंचवीस वर्षांत गावंच्या गावं उठवली गेली. कोहा, कुंड, बोरी, मग वैराट, चुर्णी, अमोना, बारूखेडा, धारगड, सोमठाणा, केलपाणी. त्यांतली बहुतेक कोरकू आदिवासींची. पुनर्वसनाच्या जागी जमीन नीट मिळाली की नाही, पोरं आजारी का पडली, यावरून अकोट-तेल्हारा भागात आंदोलनं झाली. काही कुटुंबं परत जंगलात जाऊन बसली. ज्या तर्काने धारगडच्या म्हाताऱ्याला सांगितलं की तुझ्या बैलाच्या घंटेचा वाघाला त्रास होतो, त्याच तर्काने मग एक्सप्रेस गाड्यांची आणि मालगाड्यांची रांग त्याच जंगलातून न्यायची नसते. हे कळायला वन्यजीवशास्त्राची पदवी लागत नाही.

सुदैवाने इथे शहाणपण आलं. वान आणि अंबाबरवा अभयारण्यांना बगल देऊन हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार या बाजूने तुकईथडपर्यंत जाणारा वळसा सुचवला गेला. हा मार्ग सुमारे २९ किलोमीटरने लांब. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२१ मध्ये रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरचाच मार्ग घ्यावा असं सांगितलं, आणि पुढे रेल्वेनेही वळसा पत्करला. ताशी शंभराने २९ किलोमीटर म्हणजे सतरा-अठरा मिनिटं. प्रवाशाची सतरा मिनिटं जास्त जातील. पण जळगाव जामोद, संग्रामपूर भागातल्या ज्या माणसांनी गावात कधी रेल्वे पाहिली नाही, त्यांच्या दाराशी ती येईल. तिकीट काढणारी माणसं जंगलात राहत नाहीत, जंगलाबाहेर राहतात, ही गोष्ट रेल्वेच्या हिशेबातही बसायला हवी होती. ती बसवायला वन्यजीवप्रेमींना इतकी वर्षं भांडावं लागलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या भांडणाच्या काळात अकोट-हिवरखेडची माणसं गाडीवाचून राहिली. अकोला ते अकोट एवढा तुकडा नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तोवर लोकांचे एसटीत आणि जीपमध्ये हालच झाले. वाघ वाचवणारे शहरातले आणि गाडी गमावणारे आपण, असा सूर तिकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू येतो आणि तो निव्वळ चुकीचा नाही. पर्यायी मार्गाचा अभ्यास पहिल्याच दिवशी, म्हणजे प्रकल्प मंजूर होताना झाला असता, तर हा खोळंबा वाचला असता. उशीर पर्यावरणवाद्यांमुळे झाला असं म्हणतात. मला वाटतं, तो जे काम आधी करायचं ते शेवटी केल्यामुळे झाला.

हे शेवटी का केलं जातं, त्यालाही एक पद्धत आहे. मोठ्या मार्गाचे तुकडे पाडायचे, दोन्ही टोकांकडून काम उरकत आणायचं आणि जंगलाचा तुकडा मध्ये शिल्लक ठेवायचा. मग म्हणायचं, एवढे कोटी घातलेत, आता मधल्या चाळीस किलोमीटरांसाठी सगळं वाया घालवायचं का? अकोला-खंडव्याला हेच झालं आणि गोव्यातही हेच झालं.

गोव्यातली कथा ठाऊक नसेल अशांसाठी थोडक्यात सांगतो. कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून दूधसागर धबधब्याशेजारून कुळेपर्यंत उतरणारा घाट हा पोर्तुगीज काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला. चढ इतका उभा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तो भगवान महावीर अभयारण्यातून आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जातो. त्याच्या दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने डिसेंबर २०१९ मध्ये परवानगी दिली. त्याच जंगलातून महामार्गाचं चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी, असे आणखी दोन प्रकल्पही पुढे आले. तिघांचे कागद वेगळे, जंगल एकच. गोव्यातली तरुण मुलं, चित्रकार, वकील, गावातली माणसं उभी राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदोरला लोक रात्रभर रुळांवर जमले. त्यांचा संशय असा होता की हे दुहेरीकरण प्रवाशांसाठी नाही, मुरगाव बंदरातल्या कोळशासाठी आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये परवानगी मागे घ्यावी असा अहवाल दिला, आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. निकालाचा मला महत्त्वाचा वाटतो तो भाग असा: न्यायालयाने रेल्वेला कायमचं 'नाही' म्हटलं नाही. जैवविविधतेवर आणि या संरक्षित क्षेत्राच्या एकूण परिसंस्थेवर काय परिणाम होईल याचा सविस्तर अभ्यास करा, मग हवं तर पुन्हा या, असं सांगितलं. आणि भविष्यात एवढी वाहतूक होणारच, हे पटवणारा आधार नोंदींत सापडत नाही, याकडेही बोट दाखवलं. म्हणजे दोन प्रश्न न्यायालयाने एकत्र बांधले: गाड्या खरंच किती वाढणार आहेत, आणि तेवढ्या गाड्यांचं जंगलाला काय होणार आहे. हेच दोन प्रश्न एकाच टेबलावर बसून कुणी आधी विचारले नव्हते.

ते का विचारले जात नाहीत, याचं एक कारण कायद्यात आहे. महामार्गाला पर्यावरण मंजुरी लागते, विमानतळाला लागते, खाणीला तर लागतेच. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत रेल्वेमार्ग नाहीत. वनजमीन लागत असेल तर वन मंजुरी, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव मंजुरी, एवढाच अडथळा. आणि या दोन्हींची भाषा जमिनीची आहे. किती हेक्टर? किती झाडं? हद्दीच्या आत की बाहेर? त्यामुळे जुन्याच पट्ट्यात दुसरा रूळ बसत असेल तर अर्जात लिहायला काही उरतच नाही. वीस गाड्यांच्या ऐंशी झाल्या तरी हेक्टर तेवढेच राहतात.

आता एक विसंगती पाहा. मला वाटतं, सगळ्या मामल्याची गाठ इथे आहे. कोणत्याही दुहेरीकरणाचा वा गेज परिवर्तनाचा सविस्तर प्रकल्प अहवाल वाचला तर त्याचा सगळा आर्थिक डोलारा वेग आणि गाड्यांची संख्या यांवर उभा असतो. इतका माल, इतक्या गाड्या, इतक्या वेगाने, म्हणून इतका परतावा. आणि त्याच प्रकल्पाच्या वन्यजीवांसाठीच्या आराखड्यात लिहिलेलं असतं की जंगलाच्या पट्ट्यात वेग कमी ठेवू, रात्रीची वाहतूक मर्यादित ठेवू. एकाच मार्गावर गाडी एका कागदात धावते आणि दुसऱ्या कागदात रांगते. दोन्ही कागदांवर सह्या होतात. दोन्ही खरे असू शकत नाहीत, एवढं कुणी विचारत नाही.

आणि हे 'वेग कमी ठेवू' प्रत्यक्षात कुठे राहतं? लोको पायलटच्या हातातल्या कॉशन ऑर्डरमध्ये, म्हणजे कुठे गाडी हळू न्यायची त्या यादीत. अमुक किलोमीटर ते तमुक किलोमीटर, ताशी इतके, कारण हे. त्याच कागदावर कुठे पुलाचं काम चाललेलं असतं, कुठे नवी गिट्टी टाकलेली असते, कुठे भराव बसलेला असतो. गाड्यांच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाच्या नजरेने कॉशन म्हणजे गाडीला होणारा उशीर, आणि उशीर म्हणजे जाब. पुलाचं काम संपलं की तो कॉशन उठतो. वाघाचा कॉशन कधीच संपत नाही, म्हणून तो सगळ्यांच्या डोळ्यात खुपतो. एखादं वर्ष अपघाताविना गेलं की मर्यादा वाढवायची मागणी येते. ज्या मार्गाची मंजुरीच वेगासाठी घेतली, तिथे कमी वेगाचं आश्वासन किती दिवस टिकणार, हा अंदाज मूल्यांकनातच यायला हवा.

मृत जनावरांच्या मोजणीवर आपला भलता विश्वास आहे, त्याबद्दलही बोललं पाहिजे. आकडा वाढला की ओरड होते, कमी झाला की पाठ थोपटली जाते. पण रस्त्यांचा आणि रुळांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली माहीत आहे: वाहतूक एका मर्यादेपलीकडे दाट झाली की मृत्यू कमी होऊ लागतात, कारण जनावरं ओलांडायचा नादच सोडतात. रूळ मग भिंत होतात. पलीकडचं पाणी, पलीकडची मादी, पलीकडचं मोकळं रान हे सगळं संपतं, आणि कागदावर मात्र शून्य अपघात. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण नर वाघ तेलंगणात शिरून, विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरून भटकत, तेराशे किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होता म्हणून आपल्याला कळलं. वाटेत त्याने किती रस्ते आणि किती लोहमार्ग ओलांडले असतील! तो पोहोचला, कारण प्रत्येक ठिकाणी त्याला पुरेशी फट मिळाली. कॉलर नसलेले जे मध्येच परतले, त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

उपाय नाहीत असं मुळीच नाही. पण उपायांतही खरे कोणते आणि दाखवायचे कोणते, हे ओळखलं पाहिजे. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल आहेत. सर्वांत लांब ७५० मीटरचा. ते कुणी आपणहून दिले नाहीत, न्यायालयात झगडून मिळाले. २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अकरा वेगवेगळे वाघ एकूण ८९ वेळा त्या पुलांखालून जाताना टिपले गेले. वाघाला पुलाखालून जायला जमतं. पूल पुरेसा उंच-रुंद हवा आणि त्याच्या वाटेवर हवा.

हरिद्वार-डेहराडून मार्गावर राजाजीच्या जंगलात १९८७ पासून पंधरा वर्षांत वीसेक हत्ती गेले होते. मग वनखातं, रेल्वे आणि स्वयंसेवी संस्थेने मिळून गस्त सुरू केली, वळणांवरची झुडपं काढली, उभे काठ उतरते केले, डब्यातून खरकटं फेकू नका म्हणून प्रवाशांना सांगितलं. नंतरच्या दशकात अपघात जवळजवळ थांबले. छान झालं. पण तो एकेरी मार्ग आहे आणि तेव्हा त्यावर गाड्या मोजक्या होत्या, हे विसरून तोच नुस्खा शंभर गाड्यांच्या मार्गाला लावता येत नाही. गस्त घालणाऱ्याला कळप हाकायलाही दोन गाड्यांच्या मध्ये वेळ लागतो.

ईशान्येत फाटकांपाशी भोंग्यावर मधमाश्यांचा आवाज लावून हत्ती पळवायचा प्रयोग झाला. रुळांलगतच्या ऑप्टिकल फायबरवरून हत्तीची पावलं ओळखणारी 'गजराज' यंत्रणा आली. पाच टनांच्या पावलाला ती ओळखेल, त्याबद्दल तक्रार नाही. वाघाचं पाऊल मात्र आवाज होऊ नये म्हणूनच तसं घडलेलं आहे.

वन मंत्रालय, रेल्वे आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून देशभरातले १२७ पट्टे, म्हणजे सुमारे ३,४५२ किलोमीटर मार्ग, तपासले. त्यांतले चौदा राज्यांतले ७७ पट्टे, १,९६५ किलोमीटर, तातडीचे ठरवले आणि ७०५ बांधकामं सुचवली. काम मोलाचं आहे. पण त्या ७०५ पैकी ५०३ म्हणजे रुळांवरून ओलांडायला सोयीचे उतार आणि सपाट जागा. खालून जाणारे मार्ग ६५, वरून जाणारे २२. उतार स्वस्त पडतो आणि गाड्या थोड्या असतील तिथे तो उत्तमही आहे. पण उतार हा शेवटी जनावराला रुळांवरच आणतो. आज वीस गाड्या आहेत म्हणून बांधलेला उतार दहा वर्षांनी ऐंशी गाड्यांसमोर नेणारी वाट होईल. म्हणून म्हणतो, वेळापत्रक आधी बघा.

रेल्वे नकोच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तोच माल ट्रकने न्यायचा तर किती जास्त डिझेल जळेल, जंगलातून किती रुंद रस्ता न्यावा लागेल आणि त्याच्या कडेने किती ढाबे उभे राहतील, हे दिसतंच. रेल्वे सडपातळ असते, तिच्या कडेला वस्ती फुटत नाही. आणि पैसा खर्च करायची तयारी असली तर काय जमतं तेही आपण पाहतोच आहोत: मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदा निघतो आहे, कारण वर रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आणि खारफुटी आहे. रोहितांसाठी समुद्राखाली जाणाऱ्यांना सातपुड्याखाली जाणं अशक्य नाही.

हे सगळं आता आठवण्याचं कारण गोंदिया-बल्लारशा. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी नॅरोगेज म्हणून टाकलेला हा मार्ग गेल्या शतकाच्या शेवटी ब्रॉडगेज झाला, नंतर विजेवर आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. २४० किलोमीटर, ४,८१९ कोटी रुपये. म्हणजे किलोमीटरला वीस कोटी. कोळसा, तांदूळ, गडचिरोलीचं लोखंड, नागपूरवरचा ताण, उत्तर-दक्षिण जवळचा मार्ग. गरज खरी आहे, मला ती नाकारायची नाही.

पण हा मार्ग कुठून जातो ते पाहा. अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, केळझर, चिचपल्लीचं जंगल. एका बाजूला ताडोबा-अंधारी, वर नवेगाव-नागझिरा, त्याच्याही पलीकडे कान्हा. वाघांची ये-जा याच पट्ट्यातून. १५ नोव्हेंबर २०१८ ला चिचपल्लीच्या जंगलात पहाटेच्या पॅसेंजरखाली वाघाचे तीन बछडे एकाच वेळी चिरडले गेले. २०२१ च्या मार्चमध्ये गोंदियाजवळ आणखी एक. मध्य प्रदेशात बुधनीजवळच्या मिडघाटात जुलै २०२४ मध्ये तीन बछड्यांना गाडीने उडवलं. एक जागीच गेला, दोन जखमींना एका डब्याची खास गाडी सोडून भोपाळला नेलं, आणि तेही वाचले नाहीत. त्या एका डब्याच्या गाडीचं कौतुक वर्तमानपत्रांतून झालं. मला तो फोटो पाहवला नव्हता.

चिचपल्लीचे ते बछडे कोणत्याही अभयारण्याच्या हद्दीत मेले नाहीत. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी वनविभागातले कितीतरी वाघ ताडोबाच्या रेषेबाहेर राहतात, वाढतात, पिल्लं घालतात. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३८-ओ दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या पट्ट्यांचीही दखल घेतं, पण प्रत्यक्षात फाइल हद्दीपाशी सुरू होते आणि हद्दीपाशी संपते. त्यामुळे इथे मूल्यांकन करायचं तर आधी वर्षभर, उन्हाळ्यापासून धानकापणीपर्यंत, रुळांच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावून कोण कुठे ओलांडतं ते बघावं लागेल. मग दुहेरीकरणानंतरच्या, म्हणजे दहा आणि वीस वर्षांनंतरच्याही, गाड्या तासावारी मांडाव्या लागतील. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा वेगळ्या. जिथे दोन गाड्यांमधली फट ओलांडण्यापुरती उरणार नाही, तिथे वाट रुळांखालून किंवा वरून काढायची, आणि ती पुलांच्या टेंडरआधी नकाशावर यायला हवी. पूल ओतल्यावर नाही.

यात एक संधीही आहे, तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. जुना रूळ टाकला तेव्हा जनावरांचा विचार कुणी केला नव्हता. ओढ्यांवर जिथे पाणी जाईल एवढ्याच मोऱ्या, कुठे सिमेंटचे नळ, कुठे बुटका कमानी पूल. चालू मार्ग बंद ठेवून ते रुंद करायला रेल्वे 'ब्लॉक', म्हणजे गाड्या थांबवून कामाला मोकळा वेळ, देत नाही. दुसरा रूळ तयार झाला की मात्र गाड्या त्यावर वळवून जुन्या रुळाखालचा भराव फोडता येतो, आणि एवढा मोकळा वेळ त्या मार्गाला पुन्हा पन्नास वर्षं मिळणार नाही. तेव्हा नव्या रुळाखाली तीस मीटरचा पूल बांधताना शेजारच्या जुन्या रुळाखाली दीड मीटरचा नळ तसाच राहिला, तर त्या पुलाखालून निघालेली वाघीण पिल्लं घेऊन समोरच्या मातीच्या भिंतीशी येऊन थांबेल, आणि मग वर चढेल.